गोदाबाईची मुळी

आमचे हे, सुधाकरराव महाजन, नागपूरला औषधशास्त्र शिकले आणि बुऱ्हाणपुरात औषधांचं दुकान थाटायचं सोडून रानोमाळ पाला गोळा करत हिंडले. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणं! निमाडातल्या औषधी झाडांची शास्त्रशुद्ध तपासणी पहिल्यांदा ह्यांनीच केली. मी सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

धूलकोटची गोदाबाई काविळीवर एक मुळी उगाळून फुकट द्यायची. दोन वर्षं ह्यांनी तिचा पिच्छा पुरवला, तेव्हा छप्पन्नच्या दसऱ्याला तिने झाड दाखवलं. म्हणाली, "दुसऱ्याले दावली का आपला हात रिता होतो, सायेब. आता माह्यानं देता येनार नाही. मांगनाऱ्याले तुमीच द्या."

ह्यांनी ते वहीत टिपून घेतलं. तिथली एक रीत म्हणून टिपलं. आपण वचन दिलंय, हे ध्यानीमनीही नव्हतं.

थोडी मुळी तपासणीला नागपूरला गेली, उरलेली आमच्या कपाटात राहिली. महिन्याभरात राज्यं बदलली: नागपूर मुंबई राज्यात गेलं, निमाड भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात. नागपूरने कानावर हात ठेवले, भोपाळ म्हणे कागद आलेच नाहीत.

इकडे गोदाबाईने पाठवलेली, डोळे पिवळे झालेली माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसत. ह्यांचं एकच उत्तर, "तपासल्याशिवाय देणार नाही. दवाखान्यात जा." मी पाणी देई.

फाल्गुनात गोदाबाई स्वतः आली. बैलगाडीत तिची लेक मालूबाई पडलेली. ह्यांनी तिलाही तेच सांगितलं.

"कपाटात हाये ना?" तिने विचारलं.

"आहे," हे म्हणाले.

कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मीही उठले नाही.

आठव्या दिवशी मालूबाई दवाखान्यातच वारली. मला रडू आलं नाही. पोळ्या केल्या, आम्ही जेवलो.

तीन वर्षांनी भोपाळहून कागद आला. मुळीत काविळीवरचा गुण आढळला नव्हता. म्हणजे हे बरोबर होते. कागद घेऊन आम्ही धूलकोटला गेलो. ऐकून तिच्या मनावरचं ओझं उतरेल, असं हे वाटभर म्हणत होते. ओझं कोणाचं, ते मला ठाऊक होतं.

गोदाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"माह्या हातात व्हती तवर लागू पडे," ती म्हणाली. "तुमच्या हातात कशी लागू पडंन? तुमी कोनाले दिलीच नाही."

ह्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. परतीच्या मोटारीला दोन तास होते. ते आम्ही तिच्याच अंगणात बसून काढले.