लंकाबाईंचा चौथा डोस

येडगावात लंकाबाईंची पिठाची गिरणी. सोळा वर्षं त्यांनी ती एकटीनं चालवली. पट्टा तुटला तर स्वतः जोडायच्या. दगड झिजून त्याला टाकी घालायची वेळ झाली, हे नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. अशी बाई लाल औषधाच्या एका बाटलीपुढे टेकीला आली.

गेल्या श्रावणात त्यांच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं, ते त्यांनी निमूट सोसलं. मग केमोचे, त्या लाल औषधाचे, सहा डोस ठरले. पहिल्या दोन डोसांनंतर उलट्या झाल्या. त्या होतील असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तिसऱ्या वेळी मात्र निघण्याआधी घरी पिशवी भरतानाच त्यांना उमळून आलं. एसटी मंचरला पोचायच्या आत दोनदा उलटी झाली, आणि अजून सुई टोचलीसुद्धा नव्हती. पुढे तर मोरीतली लाल बादली दिसली तरी पोट ढवळायचं.

लंकाबाईंनी मनाशी एकच अर्थ काढला: रोग पोटात उतरलाय. कुणाला बोलल्या नाहीत. गिरणीच्या किल्ल्या सुनेकडे, हर्षालीकडे दिल्या. ठेवणीतल्या दोन साड्या बहिणीला देऊन टाकल्या. आणि चौथ्या डोसाच्या आदल्या दिवशी नवऱ्याला, गेणभाऊंना म्हणाल्या, "मी आता यायची न्हाई."

गेणभाऊ रागावले नाहीत. शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, सुई नको तर नको, पण ते डॉक्टरांना तोंडावर सांगून येऊ. त्या कशाबशा निघाल्या.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, उलटीची गोळी बदलली, डोस दहा दिवस पुढे ढकलला आणि त्यांना मोहिनीकडे पाठवलं. मोहिनी तिथली समुपदेशक, पेशंटच्या मनाचं बघणारी. लंकाबाईंना ते लागलं.

"मला गाठ झालीये, येड न्हाई लागलं," खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या.

मोहिनीनं ते मनावर घेतलं नाही. कधी मळमळतं, कुठं, काय दिसल्यावर, एवढंच ती विचारत राहिली. बादलीचं सांगताना लंकाबाईंना रडू फुटलं आणि इतके दिवस दाबून ठेवलेली भीती बाहेर पडली.

शेजारी बसलेले गेणभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "मला पण त्येच वाटलं व्हतं. म्हणून तर मी कधी इचारलं न्हाई."

मोहिनी उठून डॉक्टरांशी बोलून आली. "मावशी, रोग पोटात गेलेला नाही. रिपोर्ट डॉक्टरांनी पुन्हा बघितले," ती म्हणाली. "तुमच्या शरीरानं तो रंग, ती एसटी आणि उलटी यांची गाठ मारून ठेवलीय. हे बऱ्याच जणांना होतं. शरीर जे शिकलं, ते त्याला विसरायलाही लावता येतं."

लंकाबाईंना कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

मग शिकवणी सुरू झाली. मुठी आवळायच्या, सोडायच्या, श्वास सावकाश बाहेर टाकायचा आणि डोळे मिटून जीव रमेल अशा जागी जायचं. मोहिनीनं धरणाचा काठ सुचवला, पण तिथं लंकाबाईंचं मन बसेना. त्या मनानं आपल्या गिरणीत गेल्या. पट्ट्याची घरघर, बाजरीचा वास, हातावर पडणारं कोमट पीठ. घरी श्वास संथ झाला की हर्षाली समोर लाल रिबीन धरायची. मळमळलं की बाजूला घ्यायची. रिबिनीनंतर बादली. त्यानंतर स्टँडवर उभ्या एसटीत नुसतं बसून घरी यायचं. मोहिनी एक दिवसाआड फोन करून विचारायची. एकदा बादलीपाशी सगळं फिसकटलं तेव्हा लंकाबाई तिच्यावरच चिडल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या.

चौथ्या डोसाला उलटी झाली, पण सुईनंतर. पाचव्याला चाकणपर्यंत पोटात कालवलं आणि तिथंच थांबलं. सहावा डोस घेताना त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला मुठी आवळायला शिकवत होत्या.

महिन्याभरानं तपासणी झाली. सध्या सगळं ठीक आहे, दर तीन महिन्यांनी दाखवून जा, असं डॉक्टर म्हणाले. परतताना लंकाबाईंना एसटीत गाढ झोप लागली. नारायणगावला गेणभाऊंनी हलवून उठवलं तर म्हणाल्या, भूक लागलीय. स्टँडसमोर दोघं मिसळ खायला बसले. रस्सा लालभडक आणि झणझणीत होता. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडाला चव आली होती. आपली वाटी संपवून त्यांनी गेणभाऊंची पुढ्यात ओढली.