परतमामांचा पडदा

आमच्या मामांनी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून साधी काडेपेटी घेतली नाही. दुकानातच एक काडी ओढून बघायचे, ती पेटली तर पेटी घ्यायचे, आणि वर पेटीतली एक काडी कमी झाली म्हणून दुकानदाराकडून दुसऱ्या पेटीतली मागून घ्यायचे. मी हे ऐकीव सांगत नाही. मी शेजारी उभी होते आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं.

मामांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. दुकानादुकानांतले तराजू तपासायचे. निवृत्त झाल्यावर तराजू सुटले, पण तपासणं काही सुटलं नाही. चप्पल, कुकर, छत्री, एकदा तर कापलेलं कलिंगड, असं जे जे घरी आणलं ते ते त्यांनी एकदा तरी परत नेलं. माझी मुलगी मुक्ता लहान असताना त्यांना परतमामा म्हणायला लागली, आणि ते नाव शहराच्या या टोकाच्या आमच्या सावेडीपासून त्या टोकाच्या त्यांच्या केडगावपर्यंत गेलं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "परतच करतो, चोरून तर नेत नाही ना," म्हणायचे. मामी भाजी निवडता निवडता सांगायच्या, "मला बघायला तीनदा आले होते. एकदा सकाळच्या उन्हात, एकदा दिव्याखाली, एकदा जेवायला. परत केलं नाही, एवढंच."

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुठलीही वस्तू दाखवून "मामा, चांगली आहे का?" विचारलं की ते म्हणायचे, "चांगली कशासाठी, ते आधी सांग." मिक्सर चांगला कशासाठी, चटणीला की इडलीच्या पिठाला? चादर चांगली कशासाठी, अंथरायला की पांघरायला? आपण फक्त "छान आहे हो" एवढं ऐकायला आसुसलेलो असायचो, आणि हे उलटतपासणी घेत बसायचे. वैताग नुसता.

मी घरीच लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स डिझाइन करते. लग्नसराई तोंडावर आली आणि माझा जुना मॉनिटर गेला. आधी पत्रिकेतला गणपती अर्धा दिसायला लागला, मग तोही दिसेना. या दिवसांत काम दोन दिवस लांबलं की प्रेसवाला दुसरीकडे जातो, आणि गेलेला परत येत नाही. त्यामुळे मला मॉनिटर लगेच हवा होता आणि खिशाला परवडणारा हवा होता. मुक्ता इंजिनिअरिंगला आहे आणि गेम खेळते. तिने बत्तीस इंची गेमिंग मॉनिटर शोधला. मोठा, स्वस्तातला, एकातच सगळ्यांचं भागेल असा. दिवसा माझ्या पत्रिका, संध्याकाळी तिचा गेम, रविवारी तिच्या बाबांचं क्रिकेट. मामांना कळू द्यायचं नाही, असं मी दोघांनाही बजावलं होतं. आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत असेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्कूटर घेऊन दारात हजर. खिशात मोजायची टेप आणि ती त्यांची नोकरीपासूनची स्टीलची पट्टी.

दुकान रफिकभाईंचं. त्यांनी मामांना बघितलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, एकट्या आला असता तर आतापर्यंत बिल झालं असतं." मामांनी टेप काढली आणि पडदा आडवा मोजला. मॉनिटरला ते पडदाच म्हणायचे.

"रफिक, हा बत्तीस भरत नाही."

"मामा, तिरका मोजायचा असतो. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."

"का? खिडकी तिरकी मोजतात का? धोतर तिरकं मोजतात का?" चिडले की मामा त्यांच्या पारनेरकडच्या बोलीवर यायचे. "लई हुशार हायेत कंपनीवाले. आन् हा मधी वाकवलाय कशाला?"

"गेमसाठी, मामा. खेळणारा मधोमध बसतो, त्याला दोन्ही बाजू सारख्या दिसतात."

"आणि पत्रिकेसाठी?"

रफिकभाई माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागले. शेवटी आठ दिवसांत बदलून द्यायच्या बोलीवर मी तो खोका घरी आणला. ते आठ दिवस मामा रोज आले.

रोज नवी तपासणी. समोर बसून बघून झालं की चहाचा कप घेऊन दिवाणाच्या टोकाला जाऊन बसायचे. "सुनंदे, इथून पत्रिकेतली नवरी फिकी पडते. काल हळद लागलेली, आज ताप आलेला." मी म्हणाले, मामा, तिथून कुणी काम करत नाही. ते म्हणाले, "तुझा नवरा क्रिकेट इथूनच बघणार ना?" मग अगदी जवळ येऊन अक्षरं बघितली. पडदा मोठा पण चित्राचे ठिपके लहान पडद्याएवढेच, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात, असं त्यांचं म्हणणं. मग लाल रंग. कपाटातून माझा कुंकवाचा करंडा आणून पडद्याला लावून धरला आणि म्हणाले, "हा लाल नाही. हा विटेचा रंग आहे." चीड याची यायची की ते बरोबर बोलत होते. प्रेसवाल्यानेही पत्रिका हातात घेऊन, ताई, लाल जरा मळका आलाय का, असं विचारलंच.

गेमची तपासणीही त्यांनी सोडली नाही. मुक्ताला उठवून स्वतः बसले. गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. मामांनी गाडी डाव्या बाजूने, सावकाश, चौकाचौकात थांबवत नेली. मागून गाड्या येऊन धडाधड आदळत होत्या. मुक्ता म्हणाली, "परतमामा, ही शर्यत आहे."

"असू दे. सिग्नल लाल आहे. आणि काय गं, इथला लाल चांगला दिसतो. मग पत्रिकेतला का नाही?"

चार दिवसांनी मामांनी निकाल सांगितला. खेळायला पास. क्रिकेटला पास, पण सगळ्यांनी समोर बसायचं. वाचायला काठावर, अक्षर मोठं करून घ्यायचं. रंगाला नापास, लाल कागदावर छापूनच बघायचा. एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांना वाकून नमस्कार केला असता. पण जाता जाता ते पुन्हा वळले. "आणि रेघ वाकडी आहे."

पत्रिकेच्या चारी बाजूंनी मी चौकट घालते. ती चौकट त्यांना मधोमध पोट आल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, वाकवलेल्या पडद्यामुळे असेल. मला तर सरळच दिसत होती, पण मामांशी वाद घालण्यापेक्षा खोका उचलणं सोपं. रफिकभाईंनी निमूटपणे सपाट पडद्याचा दुसरा दिला. तोही तेवढाच मोठा, त्याच भावातला. घरी आणून जोडला. मामा समोर बसले आणि म्हणाले, "ही पण वाकडी."

आता माझं डोकं फिरलं. एका बाजूला प्रेसवाल्याचे फोन चालू, दोन पत्रिका अडकलेल्या, आणि मी रोज खोके वाहतेय. मी म्हणाले, "मामा, पुरे झालं. हा मी परत नेणार नाही. तुमची पट्टी द्या इकडे." त्यांच्याच खिशातली पट्टी काढून घेतली आणि पडद्यावरच्या चौकटीला लावून धरली. रेघ पट्टीला तंतोतंत चिकटली होती. "बघा. आता सांगा कुठे वाकडी आहे."

मामांनी चष्मा पुसला. पुढे झुकले. बराच वेळ बघत राहिले.

"पट्टी बदललीस का?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच आहे. वर खात्याचा शिक्का आहे."

"ती वाकडी दिसतेय मला."

 मामांनी एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. मग उठून खिडकीकडे गेले आणि तेच गजांकडे बघत केलं. मग दाराची चौकट बघितली. सगळं अगदी शांतपणे, तराजूत वजन टाकून काटा थांबायची वाट बघावी तसं. "डाव्याने सरळ," ते म्हणाले. "उजव्याने वाकडं. खिडकी पण." आणि मग, "तुझा पडदा चांगला आहे, सुनंदे. वापर तू."

मला आधी भीती नाही वाटली, आधी संताप आला. हा माणूस आठ दिवस रोज त्या पुणे रस्त्यावरून ट्रकच्या गर्दीत स्कूटर चालवत माझ्याकडे येत होता. किल्ली मी तिथेच काढून घेतली.

डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाबा, डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे. म्हणून सरळ वस्तू वाकडी दिसते."

मामांनी विचारलं, "पडदा बदलून मिळतो का?"

"नाही. हा एकच मिळतो."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी हसले नाही. डॉक्टर एवढं सांगत होते आणि हा माणूस विनोद करत होता.

डोळ्यात इंजेक्शनं झाली. मामींना दर वेळी भोवळ यायची आणि मामा त्यांना धरून बाहेर आणायचे. थोडं थांबलं, मग पुन्हा वाढलं, मग डावाही धरला. दोन लग्नसराया गेल्या तोवर दोन्ही डोळ्यांतलं मधलं दिसणं गेलं आणि कडेचं तेवढं राहिलं. आता मामा माझ्याशी बोलताना माझ्या कानाच्या पलीकडे बघतात, म्हणजे मग मी त्यांना दिसते. दर गुरुवारी रिक्षाने येतात. पट्टी त्यांनी मलाच देऊन टाकली. "तुझ्याकडे असू दे, माझ्या खिशाला टोचते," म्हणाले.

आणि मामा काहीही परत करेनासे झाले. मामींनी बाजारातून ढिली चप्पल आणली, तीच घालून फिरतात. चहात साखर विसरली तरी पितात. शर्ट दाखवला तर म्हणतात, "तुला बरा वाटतोय ना? मग बराच असेल." इतकी वर्षं मी ज्या शब्दांसाठी तरसले, ते आता फुकट मिळत होते आणि ऐकून माझं डोकं उठत होतं. मामी मला फोनवर म्हणाल्या, "हे असे गप्प ऐकून घेतात ना, सुनंदा, घरात परका माणूस बसल्यासारखं वाटतं मला."

मग डॉक्टरांनीच सुचवलं की मोठ्या पडद्यावर अक्षरं खूप मोठी करून घेतली तर पेपर वाचता येईल. मी मामांना घेऊन रफिकभाईंच्या दुकानात गेले. रफिकभाईंनी स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला, खोका उघडून बत्तीस इंची पडदा टेबलावर ठेवला आणि बाजूला हात बांधून उभे राहिले. वाट बघत. मामा टेप काढतील, तिरकं का मोजता म्हणून भांडतील, याची.

मामा म्हणाले, "सुनंदाच्या घरी आहे तसाच आहे ना? मग बांध."

"मामा, बघा तरी," रफिकभाई म्हणाले.

"तुम्ही दोघांनी बघितलं ना. बांध."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बांध काय बांध? रफिकभाई, हात लावू नका त्याला. सुरू करा." मी माझी एक पत्रिका पडद्यावर लावली आणि पर्समधून पट्टी काढली. आडवी रेघ बघितली, उभी बघितली. बाजूला जाऊन नवरी फिकी पडते का बघितलं. जवळ जाऊन अक्षरं बघितली. पेपर वाचायला, अक्षर बोटभर करून, उत्तम होता. मामा समोर बसून चहा पीत होते, कुठेतरी भिंतीकडे बघत, दुसऱ्या कुणाचीतरी खरेदी चालल्यासारखे.

"झालं का गं?" त्यांनी विचारलं. "सरळ आहे ना?"

रेघ सरळ होती. पडद्याला नाव ठेवायला जागा नव्हती. मी पट्टी पर्समध्ये टाकली आणि म्हणाले, "रफिकभाई, हा परत घ्या. दुसरा दाखवा. याचा कोपरा पिवळा आहे."

रफिकभाईंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत या माणसाने आपल्या मालातली खोट एकदाही कबूल केली नव्हती. ते म्हणाले, "हां, ताई. आहे खरा थोडा पिवळा."

मामांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांनी तो खाली ठेवला आणि स्टूल पुढे ओढलं.

"कुठला कोपरा?" ते म्हणाले. "सरक जरा. कोपरे दिसतात मला."