ताईचा काठ कोणी खाल्ला

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या वस्तीमागच्या तलावात गवत्या मासे मी सोडले होते. बाबांच्या तेरवीच्या दिवशी, पुण्य लागेल म्हणून... आणि खरं सांगायचं तर पाणी स्वच्छ दिसेल म्हणूनही. तेव्हा मी सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होतो. काठच्या हिरव्या गचपणाचा सगळ्यांना वैताग. कोणाला त्यात साप दिसायचे, कोणाला डास. मत्स्यबीज विकणारा म्हणाला, हा मासा गवत खातो, पाणी आरशासारखं होईल. तलाव ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीकडे होता, त्यांना विचारायला हवं हे मला कळत होतं. विचारलं नाही. पाणी खरंच आरशासारखं झालं. त्यातलं चिला नावाचं पाणगवत गेलं, चिल्याच्या आडोशाला पिल्लं वाढवणारी मरळ गेली, पानांवरून चालणारे कमळपक्षी गेले, आणि मंडळाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

कुसुमताई, माझी थोरली बहीण, जाऊन आता दीड महिना होईल. बँकेतून निवृत्त होऊन ती आमच्या गल्लीत राहायला आली आणि तो उघडाबोडका काठ पाहून तिचं डोकं फिरलं. लहानपणी बाबा आम्हाला तिथे न्यायचे. मरळीच्या पिल्लांचा लाल घोळका पाण्यावर हलायचा आणि खालून आईबाप राखण करायचे. ते तिला नातीला दाखवायचं होतं, बस एवढंच. गावोगावच्या तलावांतून ती पाणगवताचे कंद आणि रोपं आणायची, चिकणमातीच्या गोळ्यांत खोचायची, पावसाळ्यात सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरायची आणि एकेक गोळा तळाशी सोडायची. टोपलं धरायला मी. "आमच्या घरात हा एकच कामाचा निघाला," असं ती लोकांना सांगायची आणि मग माझ्याकडे वळून, "फुगू नको गा बाबू, बाकीचे तुह्याहून बेकार आहेत म्हणून."

दिवाळीपर्यंत काठ पुन्हा बोडका व्हायचा. पहिल्या वर्षी मी स्वतःला समजावलं, ते मासे केव्हाच मेले असतील. ताई मातीला दोष देई, बकऱ्यांना देई, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गोळे वळी. मग एकदा तिने नामदेवला धरलं. नामदेव सोसायटीतला ढिवर, तिचा चांगला दोस्त. कंद कुठे मिळतात ते त्यानेच तिला दाखवलं होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळे फिरायला आलेले असताना, ती त्याला म्हणाली, "तुह्या जाळ्यानं मुळं उपटून राहिली, नामदेव. अन् वरून मलेच विचारतं, काय झालं म्हणून?"

त्याने खांद्यावरचं जाळं खाली ठेवलं. "त्याच गवतात मासोळी पिल्लं देते, बाई. मी कायले आपल्या पोटावर पाय देऊ? कोणीतरी गवत्या सोडला असन. मले एक घावला जाळ्यात."

"कोणी म्हणजे कोण? बीज तुम्हीच टाकता ना?" मग ती माझ्याकडे वळली. "काहून गा बाबू, तुले दिसला का कोणी सोडताना?"

"नाही वं ताई," मी म्हणालो.

मंडळातला एक जण हसला. नामदेवने जाळं उचललं आणि तो निघून गेला. त्यानंतर तो ताईशी बोलला नाही, आणि ताईनेही त्याला हाक मारली नाही. तिची ती मैत्री मी तोडली, तीन शब्दांत. कारण? कारण घरात कामाचा असलेला एकच माणूस मला राहायचं होतं.

धंतोलीच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा ती म्हणाली, "माह्याच हाताले गुण नाही गा... यंदाचे गोळे व्हरांड्यात करून ठेवले. वाळू देजो नको." तेव्हा तरी बोलायचं. मी तिच्या पायांवरची चादर नीट केली.

शोकसभा मंडळाने घेतली. तिला जलसखी म्हणाले. तलावाभोवती दगडी काठ बांधून, फरश्या बसवून तिच्या नावाचा बाक ठेवायचं ठरलं. मला माईक हिसकावून घ्यावासा वाटला. अरे, दगडावर कोणता मासा अंडी घालतो? ज्या उथळ चिखलासाठी ती बाई पाण्यात उभी राहिली तोच बुजवून वर तिचं नाव लिहिणार? ज्यांना पाण्यात हिरवं दिसलं की घाण दिसते, त्यांनी तिच्या फोटोला हार घालू नये. पण यांना आरसा आणून देणारा मीच. नामदेव मागे उभा होता. चहा न घेता गेला.

टोपलं अजून तिच्या व्हरांड्यात आहे. मी पाणी मारलं नाही; गोळे वाळून तडकलेत, कंद सुकलेत. नवे वळता येतील. पण आधी तलावातले गवत्या काढावे लागतील, आणि ते नामदेवच्या जाळ्याशिवाय निघणार नाहीत. इथे लिहिलं म्हणून मी सुटलो असं नाही. त्याच पाळीवर, तेच लोक समोर असताना, "नामदेव खरं बोलला होता, मासे मी सोडले," हे मला मोठ्याने म्हणायचं आहे. ताईला सांगणं कायमचं राहिलं. नामदेवचं हे देणं अजून बाकी आहे.