उखाबाबा आणि विमलची करंगळी

भाजीवालीनं भेंडी मोजता मोजता सांगितलं, "बाई, उखाबाबा गया ना सकायमा." मी म्हटलं, "कोण उखाबाबा?" शहाद्यात उखाबाबा एकच. ते मला माहीत, तिलाही माहीत. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भेंडी ओट्यावर ओतून निघून गेली. मी घरात आले, भेंडी धुतली, पुसली, चिरली आणि मग पुन्हा धुवायला घेतली. चिरलेली भेंडी कोणी धुतं का? पण हात स्वस्थ बसेनात. त्या गोष्टीला आता सात आठवडे झाले, अजून बसत नाहीत. मेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहावेत म्हणून लोक स्मृतिलेख लिहितात. मी लिहिते आहे ते वेगळ्या कारणासाठी. या माणसाचं नाव मी खराब केलं, ते धुऊन काढल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

उखाबाबा जातीनं न्हावी. दाढी-डोई करायचेच, पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते पोरांच्या बोटांसाठी. काटा रुतला, नखुरडं झालं, बोट दारात चेमटलं, अंगठ्याला ठेच लागून नख उचकटलं की पोर उचलायचं आणि उखाबाबांच्या ओट्यावर नेऊन बसवायचं. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले तेव्हा मला हे सगळं अडाणीपणाचं वाटलं. पुण्याकडून शिकून आलेली, आरोग्याचं पुस्तक तोंडपाठ! आल्यावर महिन्याभरातच वर्गाचं दार वाऱ्यानं आपटलं आणि एका मुलीचं बोट त्यात सापडलं. नखाखाली रक्त साकळून नख काळंनिळं, पोर गुरासारखी ओरडतेय, आणि माझं पुस्तक तोंडपाठ असून मला काही म्हणजे काही सुचेना. शिपायानं न विचारता उखाबाबांना बोलावून आणलं. त्यांनी चिमणी पेटवली, सुई लाल केली. मी ओरडले, "अहो, हे काय करताय?" माझ्याकडे न बघता ते पोरीला विचारायला लागले, "नख कापतस तवय दुखस का?" पोरगी हुंदके देत म्हणाली, नाही. "मंग सुईले कसाले भ्यास?" ती विचारात पडली, आणि ती विचारात असतानाच सुई नखाला टेकून परत आलीसुद्धा. बारीकसं भोक पडलं, त्यातून काळं रक्त टपकन बाहेर आलं, आणि पोरगी गप्प. ठणका गेला होता! मी आपली खांबाला धरून उभी.

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. गट्टी म्हणजे भांडणच म्हणा. मी त्यांना सांगितलं, तुमची ती नराणी (नखं काढायचं त्यांचं हत्यार) उकळून घेत जा, नुसती धोतराला पुसू नका. मला वाटलं, म्हातारा फणकारेल. छे! दुसऱ्या दिवशी ओट्यावर चूल मांडून त्यावर तांब्या ठेवलेला आणि येईल त्याला सांगताहेत, "मास्तरीनबाईनी सांगेल शे, उकाडाशिवाय वापरानी नही." माझं नाव घेऊन सांगायचे. मला तेव्हा काय मूठभर मांस चढायचं! आज तेच आठवायला नको वाटतं.

बाजाराच्या दिवशी मी शाळा सुटल्यावर मुद्दाम त्यांच्या ओट्यापाशी रेंगाळायची. एकदा मोलगीकडच्या डोंगरातला एक माणूस कापूस वेचायच्या कामाला खाली आला होता, खांद्यावर पोर. पोराच्या अंगठ्याचं नख ठेच लागून अर्धं उचकटलेलं, धुळीनं माखलेलं. बाप त्याच्या बोलीत काहीतरी सांगत होता. ते ना मला कळलं ना उखाबाबांना. बाप खुणेनं सांगायला लागला, उपटून टाका एकदाचं. उखाबाबांनी मान हलवली. कोमट पाण्यानं पाय धुतला, जेवढं नख लोंबत होतं तेवढंच कापलं, बाकीचं जागच्या जागी दाबून बसवलं, वर स्वच्छ फडकं बांधलं. मग स्वतःचं उपरणं अंगावर ओढून आणि काढून त्यांनी बापाला दाखवलं: जुनं नख नव्या नखाचं पांघरूण आहे, ते ओढू नको. बाप खो खो हसला. आयांना मात्र ते रागवायचे. पायाची नखं कोपऱ्यात गोल कोरून काढली की ती मांसात घुसतात, म्हणून ओरडायचे, "सरळ काप, माय, सरळ! चंद्रकोर कसाले करस?" आणि बोट सुजून आलेलं पोर आलं की चिरायची घाई कधी नाही. बोटावर बोट टेकवून डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "कच्चं शे." कच्चं म्हणजे मीठ टाकलेल्या कढत पाण्यात दिवसातून चारदा बुडवायचं आणि परत यायचं. पिकलं म्हणाले की पिकलेलंच असायचं. हे त्यांना कसं कळायचं ते मी विचारलं होतं. म्हणाले, "सांगता येत नही, बाई. हातले कळस."

आता माझं सांगते.

विमल माझी एकुलती एक. पाच वर्षांची असताना तिला नखाशेजारची साल दातानं ओढायची खोड होती. उजव्या हाताची करंगळी लालबुंद सुजली. उखाबाबांनी दोन दिवस कढत पाणी सांगितलं, तिसऱ्या दिवशी उकळलेल्या नराणीनं नखाच्या कडेची कातडी नुसती उचलली, पू वाहून गेला. विमल रडलीसुद्धा नाही. त्यांनी सैल पट्टी बांधली आणि मला बजावलं, रोज सोडायची, बोट पाण्यात बुडवायचं, परत बांधायची. काम फत्ते झालं होतं. मी तिथंच थांबले असते तर...

संध्याकाळी पोरीचं अंग थोडं कोमट लागलं. सासूबाई म्हणाल्या, विष वर चढतंय, करंगळीच्या मुळाशी काळ्या मेंढीच्या लोकरीचा दोरा बांध, म्हणजे ते तिथंच अडेल. आमच्याकडे तेव्हा बहुतेक घरांत असाच दोरा बांधायचे. सात गाठी, प्रत्येक गाठीला देवीचं नाव. मी आरोग्य शिकवणारी बाई. हात घट्ट बांधला तर रक्त अडतं, हे मीच फळ्यावर लिहून देत होते. पण पोर आपली असली की फळा कोण आठवतो! सासूबाईंच्या म्हणण्यात आले असंही म्हणणार नाही. त्यांनी सांगितलं, बांधला मी. सात गाठी माझ्या हाताच्या. घट्ट बसावा म्हणून एक टोक दातात धरून ओढलं. त्याच्यावरून पट्टी बांधली, आणि पट्टी रोज सोडायची असते हे सोयीस्कर विसरले, कारण दुसऱ्या दिवसापासून शाळा तपासायला साहेब येणार होते. त्या रात्री विमल खूप रडली. दुसऱ्या दिवशी रडायची थांबली. मला वाटलं, उतार पडला! अहो, बोट मेलं होतं म्हणून ती रडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी साहेब गेल्यावर पट्टी सोडली. काय पाहिलं ते लिहवत नाही. काळी पडलेली करंगळी, आणि दोरा कातडीत असा रुतलेला की दिसेना. मी कात्री घालून तो कापला आणि चुलीत टाकला. आधी तो टाकला, मग पोर उचलून दवाखान्यात पळाले. हा क्रम मला आठवतो, आणि माझी मला किळस येते. डॉक्टरांनी बोट पाहिलं, नखाजवळची चीर पाहिली; दोऱ्याची खाच सुजेत बुजून गेली होती. "कोणी चिरलं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "न्हाव्यानं."

एवढंच बोलले. खोटं एक अक्षर नाही, आणि सगळंच खोटं.

करंगळीची दोन पेरं कापावी लागली. डॉक्टर संतापून सगळ्यांदेखत बोलले, या न्हाव्यांच्या हातात पोरं देऊ नका. आठवड्यात ते तालुकाभर झालं. उखाबाबा घरी आले. विमलचा हात हातात घेतला, उरलेल्या पेराच्या मुळाशी गोल वळ होता तो त्यांनी अंगठ्यानं चाचपला. "हाई रेघ कसानी शे, बाई?" मी म्हटलं, "मला काय माहीत?" त्यांनी विमलचा हात हळूच खाली ठेवला. मग उठून गेले. गावात त्यांनी सांगितलं की दोरा होता. लोक हसले. न्हावी तसं म्हणणारच, मास्तरीणबाई कशाला खोटं बोलेल! मी शिकलेली होते ना. ज्या बाईचं नाव घेऊन ते नराणी उकळायचे, तिच्याच नावानं त्यांना खोटं ठरवलं गेलं. ओट्यावरची पोरं महिन्याभरात बंद झाली. चूल गेली, तांब्या गेला. बाप्ये दाढीला येत राहिले, तेवढं चालू राहिलं.

सोळा वर्षं गेली या गोष्टीला. सोळा वर्षं मी वर्गात आणि दारोदार आयांना सांगत आले की बोटाला दोरा बांधू नका. इतकं ओरडून सांगत आले की बाया मला हसायच्या, बाईंना दोऱ्याचं वेड लागलंय. कशावरून सांगते ते कधी सांगितलं नाही. उखाबाबा रस्त्यात दिसले की विमल हात पाठीमागे घ्यायची आणि तोंड फिरवायची. ते मान खाली घालून बाजूला व्हायचे. त्यांनी बाजूला व्हायचं! आणि मी? मी भाजी बघायची, आकाश बघायची.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी विमल नंदुरबारहून माहेरी आली, दोन वर्षांच्या लेकाला घेऊन. पोराच्या हाताचा अंगठा नखाशेजारी सुजलेला. विमल सहज बोलून गेली, "बरं झालं, तो म्हातारा नाही आता. नाहीतर याचंही बोट गेलं असतं." मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मी तिथंच ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. दोरा, गाठी, चूल, सगळं. ऐकता ऐकता तिनं आपली तुटकी करंगळी मुठीत धरली. शेवटी म्हणाली, "मग मी कोणावर थुंकत होते गं, आई, एवढी वर्षं?"

तिनं पोर काखोटीला मारलं आणि निघाली. मी मागून धावले. बाजाराचा दिवस, भर गर्दी. उखाबाबांचा मुलगा सुपडू आता खुर्ची-आरसा मांडून दुकान चालवतो. बाईमाणूस तिथं पाऊल टाकत नाही, विमल सरळ आत शिरली, पोराचा हात पुढे केला आणि म्हणाली, "सुपडूभाऊ, याचं बोट बघा." सुपडूचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. त्यानं तिच्या करंगळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "सुपडूभाऊ, तुझ्या बापानं बोट बरं केलं होतं. दोरा मी बांधला होता. मी जाळला तो." दुकानात चौघं बसले होते, त्यांनी ऐकलं. सुपडूनं वस्तरा पुसून ठेवला. मला वाटलं, अंगावर येईल; येऊ दे म्हटलं. तो पोरापाशी खाली बसला, सुजलेल्या बोटाकडे बघत राहिला, हात मात्र लावला नाही.

"माले येत नही, बाई," तो म्हणाला. "बाबानी शिकाडंच नही. म्हने, ज्या कामनी मन्ही इज्जत लिधी, ते काम पोऱ्याले कसाले शिकाडू?"

आम्ही पोराला दवाखान्यात नेलं. आता डॉक्टर दुसरे आहेत, चांगले आहेत; पोराचा अंगठा आठवड्यात बरा झाला. पण दवाखाना तालुक्याला एक, आणि डोंगरातून खांद्यावर पोर घेऊन येणारा माणूस अजूनही उखाबाबांचा ओटा कुठं म्हणून विचारत येतो. परवाच एक आला होता. मी त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवला.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना मी विमलला म्हटलं, बोलले ना मी आता, लोकांसमोर बोलले. मला वाटलं, ती एवढ्यानं तरी माझ्याकडे बघेल. ती समोर बघून चालत राहिली. "दुकानात चार माणसं होती, आई," ती म्हणाली. "त्यांचं नाव काय चार माणसांत गेलं होतं?"

नाही. तालुकाभर गेलं होतं. म्हणून हे छापायला दिलं आहे, आणि खाली माझं नाव घालायला सांगितलं आहे.