राखीव कॅचर

खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या इंद्रभानची मुलगी समता शाळेत काही सगळ्यांत वेगाने धावणारी नव्हती. पण अंगावर येणाऱ्या चेंडूला ती भीत नसे. खेळाच्या ज्ञानेश्वर सरांनी तेवढंच हेरलं आणि तिला बेसबॉलमध्ये कॅचर केलं. कॅचरने फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, पिचरने टाकलेला चेंडू झेलायचा, आणि पिचर चेंडू टाकत असतानाच कोणी पुढचा बेस चोरायला पळालं तर तिथे चेंडू फेकून तिला बाद करायचं. "बाकीच्या पोरी तोंड फिरवतेत," सर सांगत, "ही डोळेच मिटत नाही."

एकोणिसाव्या वर्षी राज्याच्या संघातून तिला बोलावणं आलं. तिच्या आईने, सिंधूताईने, शेजारच्या घरून चाकांची बॅग मागून आणली. वस्तीतल्या बाया स्टँडपर्यंत पोचवायला गेल्या.

त्या संघात छाया नावाची जुनी कॅचर होती. सगळे सामने तीच खेळायची. समताचं काम एवढंच, की सामन्याआधी मैदानाच्या कडेला उकिडवं बसून पिचरच्या सरावाचे चेंडू झेलायचे. पिचरचा हात मोकळा झाला की हिने बाकावर जाऊन बसायचं. ज्ञानेश्वर सर एव्हाना राज्याच्या संघाचे प्रशिक्षक झाले होते. स्पर्धा संपल्यावर तिने धीर करून विचारलं, "सर, मले एखादी तरी मॅच द्या ना."

"छायाचा अनुभव पाह्य," सर म्हणाले. "तुह्यं वयच काय आहे? थांब जराशी. तुह्यापुढं लई वर्षं आहेत."

ती थांबली. पुढच्या वर्षीही थांबली, त्याच्या पुढच्याही. मेहकरचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांना खेळ नको होता, म्हणून तिने नाही सांगितलं. सिंधूताई बोलली, "खेळते तरी का तू? बसूनच तं राह्यते." एका खासगी शाळेत समताला खेळाच्या शिक्षिकेचं तासिकेवरचं काम मिळालं. सकाळी मुलींना शिकवायची, संध्याकाळी एकटी भिंतीवर चेंडू मारून झेलायची.

छाया वाईट नव्हती. एकदा बाकावर पाणी पिताना तिनेच विषय काढला. "तुले वाटत असन, ही सोडत काऊन नाही. मी सोडलं तं उद्या मले ओळखीन कोण वं?" समताला तिचा रागही धरता आला नाही.

अखेर छायाने खेळ सोडला. समता तेव्हा तिशीला आली होती. यंदा आपणच, हे तिने धरूनच ठेवलं होतं. शिबिराच्या शेवटी सरांनी संघ सांगितला. पहिली कॅचर समीक्षा, राखीव समता.

समीक्षा संग्रामपूरकडची, अकरावीतली, मामाकडे खामगावात राहून शिकणारी. कॅचरचं उकिडवं बसणंसुद्धा तिला समतानेच शिकवलं होतं. सगळे पांगल्यावर समता सरांसमोर उभी राहिली.

"आता पुढचा विचार करा लागते," सर म्हणाले. "नव्या पोरींले खेळवलं नाही तं त्या तयार कशा होतीन?"

"मी नवी होती तवा सर?"

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

तरी ती संघाबरोबर स्पर्धेला गेली. उपांत्य सामन्यात समोरच्यांचा शेवटचा डाव आला तेव्हा दोन्ही संघांच्या धावा सारख्या होत्या. समोरच्यांची एक मुलगी दुसऱ्या बेसवर पोचली होती. तेवढ्यात फलंदाजाच्या बॅटला चाटून आलेला चेंडू समीक्षाच्या अंगठ्यावर बसला. ती रडतच बाहेर आली.

"समता, जाय," सर ओरडले.

तिने पॅडचे पट्टे बांधले. इतकी वर्षं हीच हाक तिने मनात ऐकली होती. ती बसली. पहिला चेंडू नीट झेलला. दुसऱ्या चेंडूला ती मुलगी तिसऱ्या बेसकडे पळाली. समता उठली, पण उजवा गुडघा आखडला आणि हात वर राहिला. तिने फेकलेला चेंडू तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून थेट कुंपणाकडे गेला. पळणारी मुलगी न थांबता होमपर्यंत, म्हणजे शेवटच्या बेसपर्यंत आली आणि जिंकणारी धाव झाली. सामना संपला.

तिला कोणी दोष दिला नाही. बसमध्ये चढताना मात्र पुढच्या सीटवर सर कोणाला तरी सांगताना तिच्या कानावर पडलं, "तिले मॅचची सवय नाही ना."

डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं उकिडवं बसून गुडघ्यांतली गादी झिजली आहे. शाळेने पुढच्या सत्रात तिला बोलावलं नाही. धावता न येणारी खेळाची शिक्षिका काय कामाची? दिवाळीनंतर समीक्षा घरी आली. अंगठा बरा झाला होता, राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं होतं.

"मॅडम, तुमी थोडं पाहून द्या ना माहा थ्रो."

"मले नाही जमत आता," समता म्हणाली.

"काऊन मॅडम?"

समताने तिला चहा दिला. मग समीक्षा पाया पडून गेली.

बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारात वंदना होती. सगळे सतरंजीवर बसले. समताही बसायला वाकली, पण गुडघे खाली जाईनात. मागे म्हाताऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नव्वदीच्या जनकाबाईने सरकून शेजारची खुर्ची पुढे केली.

"बस वं माय," ती म्हणाली.

समता बसली आणि तिने हात जोडले. पुढे सतरंजीवर तिच्या वयाच्या बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वंदना सुरू झाली. म्हाताऱ्यांच्या रांगेत बसूनच समता ती म्हणू लागली.