दवाखान्याजवळची खोली

बाबा गेल्यापासून त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणतो, आणि दर वेळी आधी नागपूरच आठवतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. घशातल्या गाठीसाठी डॉक्टरांनी त्यांना महिनाभर रोज विजेचा शेक घ्यायला सांगितलं होतं. इंझोरीहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. दवाखान्याजवळ खोली मिळाली तरच उपचार होणार होते.

मी कॉलेजात शिकणारा, तरी स्टँडबाहेरचा रस्ता ओलांडताना बाबांचा सदरा धरून होतो.

"कोन्त्या गावचे, बाप्पा?" सायकलरिक्षावाल्यानं विचारलं.

"इंझोरी."

"हे कुठं आलं?"

"तुह्या नागपूरच्या बाहेर," बाबा म्हणाले. तो हसला. मला हसू येईना. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत जात विचारतात, दुसरंच काही सांगा, असं शेजाऱ्यांनी बजावलं होतं. मी वाटभर एक परकं आडनाव घोकत होतो.

धर्मशाळेच्या व्यवस्थापकानं चष्म्यावरून पाहत विचारलंच, "कोण लोक तुम्ही?"

माझं तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "बौद्ध. घशाचा आजार हाय. खोली पाह्यजे."

त्यानं बाबांच्या गळ्याकडे पाहिलं. मग किल्ली सरकवली.

खोली मिळाली आणि माझी भीती वाढली. आता ती काढून घेतली जाऊ शकत होती.

संध्याकाळी गोळीची वेळ झाली. पाण्याचा माठ अंगणात, सगळ्यांचा मिळून एक.

"बाबा, मी रस्त्यावरच्या नळावरून आणतो."

"काहून? हे पानी खराब हाय का?"

ते उठून गेले. मी दारात उभा. त्यांनी झाकण काढलं, ओगराळं आत घातलं. समोरच्या खोलीपुढे एक बाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली. आता ही व्यवस्थापकाला हाक मारणार, असं वाटून मी पिशवी उचललीसुद्धा.

"काका, झाकण ठेवजा बरं," ती म्हणाली. "मुंग्या पडतात."

बाबांनी झाकण नीट बसवलं, गोळी घेतली आणि पेला पुन्हा भरून आत आले. "घे." मी नको म्हणालो. तहान तर सकाळपासूनची होती. ते पेला माझ्यापुढे धरून तसेच थांबले. पेल्यातलं पाणी डुचमळत होतं. आजारानं की कशानं, हे मी कधी विचारलं नाही. पेला घेतला आणि दाराकडे पाहत पाणी प्यालो.