दादाचं उष्टं क्लॅरिनेट

काल हिंजवडीत थोरल्या भावाच्या नातीच्या लग्नात एका पोरानं सॅक्सोफोनवर अभंग वाजवला, पार इंग्रजी ढंगात, झोके देत. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. माझं तोंड मात्र कडू झालं.

साठेक वर्षांपूर्वी माझा हा भाऊ, दादा, पुण्याच्या लष्कर भागात, म्हणजे कॅम्पात, एका हॉटेलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. पंधरा वादकांचा मोठा बँड होता तो. एका एकादशीला तो गावी, घोटावड्याला आला आणि क्लॅरिनेट घेऊन थेट देवळात भजनाला बसला. पखवाजावर मी होतो, डाव्या पुडीला थापलेली कणीक बोटांना लागलेली. दादानं नेहमीचाच अभंग धरला, पण त्याचे सूर मागं रेंगाळत आणि मग एकदम उडी घेत. माझे हात आपसूक त्या झोक्यात गेले. तसं सुख मला पखवाजानं पुन्हा कधी दिलं नाही.

भजनी मंडळाचे प्रमुख तात्या कडाडले, "बंद कर! तोंडात घातलेलं उष्टं वाद्य देवाम्होरं चालायचं न्हाई."

"मग सनई काय नाकानं वाजिवत्यात, तात्या?" एवढं विचारून दादानं पुन्हा सूर धरला.

तात्या माझ्याकडं वळले. "तू तरी थांब! न्हाईतर उद्यापासनं पखवाजाला दुसरा बघतो."

मी थांबलो.

दादा थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला. मग त्यानं क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. तात्यांकडं त्यानं बघितलंही नाही, माझ्या हातांकडं बघितलं. गावात तो पुन्हा कधी वाजवायला बसला नाही.

काल सगळ्यांत जोरात टाळ्या तात्यांचा नातू पिटत होता. त्याच्यावर कशाला चिडू? पखवाज पुढं तीस वर्षं माझ्याकडंच राहिला.